पोंगा उलगडताना

माझी भाची वही घेऊन स्टुडिओत आली तेव्हा मी एका लग्नाच्या अल्बमची पाने लावत बसलो होतो. दोनशे पानी वही, वर जाड पुठ्ठा आणि कडेने केळीच्या चिकाचे डाग. हा डाग कपड्याला लागला की कपडा फाटेपर्यंत राहतो. वहीचेही तेच झाले होते. "मामा, ही छापायची आहे. प्रस्तावना तुम्ही लिहा," ती म्हणाली. मी म्हणालो, "अगं, मी लग्नाचे फोटो काढणारा माणूस. व्हीएफएक्सच्या पुस्तकाला मी काय प्रस्तावना लिहू? मुंबईतला कुणी जाणकार बघ." तिने काही न बोलता पहिले पान उघडून माझ्यापुढे धरले. त्यावर एकच ओळ होती. व्हीएफएक्स तिने पहिल्यांदा पाहिले ते मामाच्या स्टुडिओत, अशा अर्थाची.

मग मला नाही म्हणता येईना. विचार केला तेव्हा पटलेही. अर्धापुरात तीस वर्षांपूर्वी फोटो काढायला येणारा माणूस माझ्या स्टुडिओत ताजमहालासमोर उभा राहायचा. ताजमहाल कापडी पडद्यावर रंगवलेला असायचा. त्याला उजेड डावीकडून पडलेला, म्हणून मीही दिवा डावीकडेच लावायचो. उजवीकडे लावला की फोटोतला माणूस पडद्यावर चिकटवल्यासारखा दिसे. देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्याच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने टचिंग करायचो. भिंगापुढे अर्धा काळा कागद धरून एकाच माणसाचे दोन फोटो एका निगेटिव्हवर घ्यायचो आणि त्याला त्याच्याशीच बुद्धिबळ खेळायला बसवायचो. पुढे व्हिडिओ आला तसे मिक्सिंग आले. नवरा-नवरी कमळातून उमलू लागली, आणि कॅसेट न्यायला आलेले वडीलधारे आधी विचारू लागले, "कमळ टाकलंय ना?" या सगळ्याला इंग्रजी नाव आहे हे मला ठाऊक नव्हते. पडदा म्हणजे मॅट पेंटिंग, टचिंग म्हणजे पेंट, अर्धा कागद म्हणजे स्प्लिट स्क्रीन आणि मिक्सिंग म्हणजे कंपोझिटिंग, हे मला भाचीनेच शिकवले.

ही वही म्हणजे तिने वर्षभर केलेल्या प्रयोगांची नोंद. व्हीएफएक्स म्हणजे नेमके काय, याची व्याख्या तिने कुठेही दिलेली नाही. ती उणीव मी इथे भरून काढतो. कॅमेऱ्यापुढे जे घडले नाही, किंवा घडवणे धोक्याचे, महाग किंवा अशक्य होते, ते घडले असे प्रेक्षकाच्या डोळ्याला वाटायला लावणे, एवढाच त्याचा अर्थ. कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष स्फोट केला, पाऊस पाडला, मेणाचे प्रेत बनवले तर त्याला स्पेशल इफेक्ट्स म्हणतात. चित्रीकरणानंतर चित्रातच फेरफार केला तर व्हिज्युअल इफेक्ट्स. रेषा इतकी सरळ नाही, पण सुरुवातीला पुरेशी आहे.

या विद्येचा महाराष्ट्रातला पहिला विद्यार्थी चाळिशी ओलांडलेला होता. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून हार घालतो आणि मोकळे होतो. विद्यार्थी म्हणून त्यांच्याकडे पाहिले तर मात्र बरेच हाती लागते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला शिकले. छायाचित्रण शिकले, गोध्र्याला स्टुडिओ काढला. तीन रंगांच्या ठशांची छपाई शिकले. पुरातत्त्व खात्यात काम केले. राजा रविवर्म्याच्या चित्रांची शिळाछपाई केली, त्यातले बारकावे शिकायला जर्मनीला गेले. आणि मध्येच कधीतरी एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून तिचे प्रयोगही केले. जादूगार म्हणून त्यांनी घेतलेले नाव होते प्रोफेसर केळफा. फाळके उलटे वाचले की केळफा. अर्धापूरच्या पोरांना हे नाव सांगितले की पहिल्यांदा हसू येते, कारण आमच्याकडे नावात केळ असलेला माणूस घरचाच.

त्यांची ही वणवण वरवर पाहिली तर धरसोड वाटते. पण आजच्या कुठल्याही व्हीएफएक्स स्टुडिओतले विभाग मोजा. रंगवलेल्या पार्श्वभूमीचा विभाग चित्रकाराचा. कॅमेरा आणि भिंगे जुळवण्याचा छायाचित्रकाराचा. चित्र लाल, हिरव्या, निळ्या थरांत सोडवून पुन्हा एकत्र आणणे हे तीन रंगांच्या ठशांचेच नातलग. जुन्या दगडाचा पोत ओळखणे पुरातत्त्वाचे. आणि प्रेक्षकाची नजर हवी तिकडे वळवून नको तिथून काढून घेणे हे शंभर टक्के जादूगाराचे. फाळक्यांनी चाळीस वर्षांत नकळत सगळा अभ्यासक्रम पुरा केला होता. फक्त त्या विषयाचे नाव अजून पडायचे होते.

मुंबईत गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना वेड लागले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. जेमतेम दोन आठवड्यांत पाहता येईल तेवढे पाहून, विल्यमसन कॅमेरा आणि फितीला भोके पाडायचे यंत्र मागवून, १ एप्रिलला ते परत आलेही. आजचा सर्वात छोटा क्लाससुद्धा याहून लांब असतो.

आल्यावर त्यांनी काय केले, हे या वहीच्या पहिल्या प्रकरणाचे मूळ आहे. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावला. दाणा फुटून वेल वर चढेपर्यंत ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेतली, आणि 'अंकुराची वाढ' हा इवलासा चित्रपट तयार झाला. तो दाखवून त्यांनी भांडवल उभे केले. तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने होते. पुस्तकांत सर्रास लिहिलेले असते की महिनाभर ते रोज एक फ्रेम घेत. भाचीने इथेच पेन्सिल उचलली. त्या काळी सेकंदाला साधारण १६ फ्रेम धावत. रोज एक, म्हणजे महिन्याच्या ३०. पडद्यावर दोन सेकंदसुद्धा नाहीत. मिनिटभराचा चित्रपट हवा तर ९६० फ्रेम, म्हणजे रोज ३२ तरी घ्यायला हव्यात. 'रोज एक' ही सांगोवांगी असणार, असे तिने लिहिले आहे. मला ही वही छापण्यालायक वाटली ती या हिशेबाच्या पानावर. ऐकलेले जसेच्या तसे न उतरवता आकडा मांडून पाहणे, ही या विद्येची पहिली पायरी.

सरस्वतीबाईंचा हिशेबही तिने मांडला आहे. कोरी फीत भोकांविना यायची. अंधाऱ्या खोलीत यंत्रावर बसवून तिला भोके पाडायचे काम त्यांचे. 'राजा हरिश्चंद्र' हा ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेला चित्रपट ३७०० फुटांचा. एका फुटात १६ फ्रेम, प्रत्येक फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोके. म्हणजे एका प्रतीला ४,७३,६०० भोके. यातले एखादे तिरके पडले तरी पडद्यावर हरिश्चंद्र थरथरणार. चित्रपटाच्या इतिहासात दिग्दर्शकाच्या नावाचे प्रकरण असते, भोकांचे नसते. या वहीत ते आहे.

जादूगार केळफा पुढच्या चित्रपटांत मनमुराद दिसतो. 'लंकादहन' १९१७ सालचा, 'श्रीकृष्णजन्म' १९१८ चा, 'कालिया मर्दन' १९१९ चा. 'श्रीकृष्णजन्मा'त भ्यालेल्या कंसाला आपले मुंडके धडावेगळे होऊन अधांतरी हलताना दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर एक भाग झाकून एकदा आणि दुसरा झाकून पुन्हा, अशी एकाच फितीवर दोनदा छाप घेतली की हे जमते. माझ्या बुद्धिबळवाल्या फोटोतला अर्धा काळा कागद त्याच घराण्यातला. 'कालिया मर्दना'त तर गंमत आहे. त्यात कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी सुरुवातीला साध्या मुलीच्या वेशात येते आणि चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते. जादूगार प्रयोगाआधी हात पालथे-उलथे करून दाखवतो, तसे. आधी दाखवले की ही मुलगी आहे. मग तिचा देव केला. १९१७ साली फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी एक छोटी फीतही काढली. आपली जादू उघडी करून सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण आमच्या धंद्यात "हे कसं केलं ते कुणाला सांगू नकोस" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

फाळक्यांनी कॅमेरा विकत आणला. कोल्हापूरकरांनी तो घडवला. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर या नात्याने भाऊ लागणाऱ्या कलावंतांनी जुना प्रोजेक्टर मिळवून त्यावरून कॅमेरा कसा असेल याचा माग काढला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने लेथवर सुटे भाग घडवत १९१८ पर्यंत कॅमेरा चालता केला. त्यावर निघालेल्या 'सैरंध्री'त, १९२० साली, भीमाने कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा वठला की प्रेक्षागृहात माणसे भोवळ येऊन पडली म्हणतात, आणि तो प्रसंग कापावा लागला. यंत्र उघडून पाहिलेल्या माणसाला त्याच्याकडून काय काढून घेता येईल हे कळते. आजचे यंत्र म्हणजे सॉफ्टवेअर. तेही उघडून पाहता येते, हे पुढे येईलच.

याच दामल्यांनी फत्तेलालांबरोबर १९३६ मध्ये प्रभात कंपनीसाठी 'संत तुकाराम' केला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात शेवटी विमान येते, तुकोबा वैकुंठाला जातात. आजच्या पोराला ते विमान दाखवले तर तो हसेल. पण पूर्ण चित्रपट दाखवून मग विमान दाखवले तर हसत नाही. मी हा प्रयोग स्टुडिओत दोन-तीनदा करून पाहिला आहे. कारण त्याआधी दीड-दोन तास त्या चित्रपटाने आपल्याला घर, चूल, म्हैस, कर्ज आणि जिजाईचा त्रागा इतका खराखुरा दाखवलेला असतो की विमान आले तेव्हा आपण तिच्या अंगणात उभे असतो. विमानाचा भार कापडा-लाकडाने उचललेला नाही. तो जिजाईने उचलला आहे. प्रभातच्याच पुण्यातल्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. विद्यार्थ्यांनी तिथे काय शिकावे याचा धडा इमारतीच्या आधीपासून तिथे होता.

आता वहीकडे. तिची पाच प्रकरणे आहेत आणि त्यांची नावे कुठल्याही क्लासच्या माहितीपत्रकात सापडणार नाहीत: वेळ, कट, थर, उजेड, खुरपणी.

'वेळ' वाटाण्यापासून सुरू होते, त्याबद्दल शेवटी बोलतो. 'कट'मध्ये सगळ्यांत जुनी युक्ती आहे. पॅरिसचा जादूगार जॉर्ज मेलिएस १८९६ मध्ये रस्त्यावर चित्रीकरण करत असताना कॅमेरा क्षणभर अडकला. पुन्हा सुरू झाला तोवर बस निघून गेली होती आणि तिच्या जागी प्रेतवाहिका आली होती. फीत चालवली तर बसचीच प्रेतवाहिका झालेली. ही गोष्ट त्यानेच पुढे सांगितली. भाचीने हा प्रयोग आमच्या अंगणात केला: आजी कडब्याची पेंढी उचलते आणि तिच्या हातात पेंढीऐवजी शेळीचे करडू. त्यासाठी आजीला तेरा वेळा स्तब्ध उभे राहावे लागले. करडाला सांगता येईना. खाली ठळक अक्षरांत धडा लिहिला आहे: कॅमेरा केसभर हलला की जादू मेली. ट्रायपॉड नसेल तर फोन विटांमध्ये घट्ट बसवा.

'थर' म्हणजे एकावर एक चित्रे ठेवण्याची विद्या. इथे हिरव्या पडद्याची गोष्ट येते. माणसाच्या मागे एकाच रंगाचा पडदा धरायचा, तो रंग काढून टाकायचा आणि मागे हवे ते चित्र घालायचे. १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलरने निळ्या पडद्याने हे केले. त्यातला नायक साबू आपल्या म्हैसूरकडचा. डिजिटल कॅमेरे आल्यावर हिरवा जास्त चालू लागला, कारण बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल किंवा निळ्याच्या दुप्पट ठिपके हिरव्याचे असतात. हिरव्याची नोंद सर्वांत स्वच्छ होते. क्लासमध्ये हे शिकून भाचीने हिरवे कापड आणले, केळीच्या बागेत बांधले आणि संगणकावर तयार झालेले चित्र पाहून डोके धरले. पडद्याबरोबर बागही निम्मी गायब झाली होती आणि पानांतून गाळून आलेल्या उजेडाने बहिणीच्या गालालाही भोके पडली होती. अर्धापुरात हिरवा पडदा चालत नाही. तिने बाजारातून निळे कापड आणले आणि वहीत लिहिले की पडद्याचा रंग पुस्तक ठरवत नाही, शेत ठरवते. मुंबईच्या स्टुडिओत हा धडा मिळाला नसता.

'उजेड' हे प्रकरण माझ्या पडद्याच्या ताजमहालापासून सुरू होते म्हणून मला आवडते असे कुणी म्हणेल. पण खरेच ते सर्वांत कामाचे आहे. दोन चित्रे एकत्र आणली की डोळा चार गोष्टी तपासतो: उजेड कुठून येतो, सावलीची कड मऊ की टोकदार, काळा रंग किती काळा आणि लांबचे किती धूसर. यातले एक चुकले तर बघणाऱ्याला काय चुकले ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे आहे हे कळते. यासाठी तिने महिनाभर एकाच लिंबाच्या झाडाची सावली दर तासाला जमिनीवर चुन्याने आखली. नंतर ती देगलूर तालुक्यातल्या होट्टलला गेली. तिथल्या चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराला प्रदक्षिणा घालत घालत एकाच मूर्तीचे शंभरावर फोटो काढले आणि त्यांतून संगणकात मूर्तीचे त्रिमिती रूप उभे केले. कोवळ्या उन्हात काढलेले फोटो वापरले तर मूर्तीवर सकाळ कायमची चिकटते, मग संगणकात दुपार करता येत नाही. म्हणून ढगाळ दिवस निवडायचा. जुन्या शिल्पकाराने उन्हाचा विचार करूनच छिन्नी चालवली होती; ते ऊन बाजूला ठेवल्याशिवाय त्याचे काम मोजता येत नाही, हे वाक्य तिचे आहे, माझे नाही.

'खुरपणी' म्हणजे रोटो. मागे पडदा नसताना माणसाला चित्रातून सोडवायचे असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये त्याची कड हाताने आखावी लागते. मॅक्स फ्लायशरने १९१७ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रोटोस्कोपवरून हे नाव आले. सेकंदाला २४ फ्रेम. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० वेळा तोच माणूस, त्याचे केस, त्याची बोटे. परदेशी चित्रपटांचे हे काम मोठ्या प्रमाणावर भारतात होते, आणि गावाकडून मुंबई, पुणे, हैदराबादला जाणाऱ्या मुलाला पहिली नोकरी बहुधा याचीच मिळते. भाचीने त्याला खुरपणी म्हटले आहे. ती दिसत नाही, तिच्याशिवाय पीक येत नाही आणि मजुरी सर्वांत कमी तिचीच. आता संगणक हे काम आपणहून करू लागला आहे. तणनाशक आले म्हणून तण ओळखायची गरज संपली नाही. पण फक्त खुरपणीवर पोट भरू पाहणाऱ्याने सावध असावे, हे मी वडीलकीच्या नात्याने इथे घालतो.

सावध असण्याचे आणखी एक कारण सांगतो. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ बहुतेक ठिकाणी संगणकातला आहे. तो घडवणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज' या स्टुडिओच्या शाखा मुंबई आणि हैदराबादलाही होत्या. २०१३ च्या फेब्रुवारीत या कामाला ऑस्कर मिळाले. त्याच्या दोनच आठवडे आधी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली होती. जगातला सर्वांत चांगला वाघ बनवूनही पगाराची खात्री नसते. ज्या आई-बापांना "मुलीने कोर्स केला की लाखाचं पॅकेज" असे कुणी सांगितले असेल त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

भाचीनेही एका क्लासला सहा महिने घातले. तिथे बटणे शिकवली: हे दाबा, ते दाबा, सेव्ह करा. बटणे वाईट नसतात, पण ती मरतात. 'शेक' नावाचे कंपोझिटिंगचे सॉफ्टवेअर एके काळी मोठमोठ्या चित्रपटांत वापरत. २००९ मध्ये ते बंद झाले. 'सॉफ्टइमेज'वर लोकांनी आयुष्य काढले. २०१४ मध्ये त्याच्याही शेवटाची घोषणा झाली. ज्यांना फक्त बटणे येत होती ते रिकाम्या हाताने उरले. ज्यांना सावली येत होती ते नव्या सॉफ्टवेअरवर आठवड्याभरात बसले.

बटणांसाठी पैसे मोजायचेच असेही आता राहिलेले नाही. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये लोकांनी गणपतीसारखी वर्गणी काढून, सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून सोडवून घेतले आणि सगळ्यांना खुले केले. त्याच्या आतला कोडही कुणालाही उघडून पाहता येतो. बाबूरावांनी प्रोजेक्टर उघडला तसा. लॅटव्हियासारख्या छोट्या देशातल्या गिंट्स झिल्बालोडिसने ब्लेंडरवर 'फ्लो' हा मांजराचा चित्रपट केला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. अर्धापूरहून लॅटव्हिया लांब आहे, पण ब्लेंडर दोन्हीकडे सारखेच उतरते. वीज टिकली तर.

मग अर्धापूरकडे जास्तीचे काय आहे? नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागले, आसना नदी ओलांडली की थोड्या वेळात दोन्ही बाजूंना केळी सुरू होतात. केशवराजाचे मंदिर आणि केळी, या दोन खुणांवर आमचे गाव ओळखले जाते. इथल्या मुलाकडे महागडे ग्राफिक कार्ड नसते, पण पान कसे फाटते, घड किती वाकल्यावर झाड टेकू मागते, वादळात खोड कुठे मोडते, हे त्याला झोपेत विचारले तरी येते. परदेशातले कलाकार झाड मोडण्याचे सिम्युलेशन करायला महिनाभर व्हिडिओ पाहत बसतात. आमच्याकडच्या मुलाने ते मोडताना पाहिलेले असते, आणि त्या रात्री घरात कुणी जेवलेले नसते.

म्हणून वहीतले पहिले प्रकरण मी शेवटी ठेवले. वाटाण्याच्या जागी भाचीने केळीचा पोंगा घेतला. केळीचे नवे पान गुंडाळीसारखे वर येते, त्याला पोंगा म्हणतात. तो सुटून पान होतो. तिने जुना फोन बांबूला बांधला, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर दहा मिनिटांनी एक फोटो. दिवसाचे ७२, सात दिवसांचे ५०४; सेकंदाला २४ या वेगाने २१ सेकंदांचा शॉट. पहिल्या खेपेला दुसऱ्याच दिवशी बॅटरी संपली. दुसऱ्या खेपेला वाऱ्याने पान चिरले. तिसऱ्या खेपेला चौथ्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि फोन काढून घ्यावा लागला. अर्ध्या दिवसाच्या ३६ फ्रेम गेल्या. पडद्यावर दीड सेकंद. ते दीड सेकंद तिने संगणकात बनवले. आधीची फ्रेम, नंतरची फ्रेम, मधले सगळे सॉफ्टवेअरने भरले. मला दाखवले. मी तीनदा पाहिले आणि शिवण कुठे आहे ते मला सापडले नाही. चाळीस वर्षे फोटोत जोड लपवणारा माणूस मी. मी शाबासकी दिली.

संध्याकाळी दाजी, म्हणजे तिचे वडील, शेतावरून आले. ते सिनेमा फारसा पाहत नाहीत. तिने फोन पुढे केला. पाय धुवायच्या आधी उभ्या उभ्या त्यांनी एकदाच पाहिले आणि म्हणाले, "माय, हे मधलं खोटं हाय."

"कुठलं, बाबा?"

"हे बघ. पोंगा असा दोन्ही बाजूंनी सारखा सुटत नसतो. आधी वरची बाजू सुटती. दुसरी तिच्या आत गुंडाळलेली राहती, ती मागनं सुटती. इथं दोन्ही संगंच निघाल्यात."

सॉफ्टवेअरने दोन्ही कडा सारख्या वेगाने सरकवल्या होत्या. त्याला केळ माहीत नव्हते. मलाही, इतकी वर्षे केळीच्या गावात राहून, इतके माहीत नव्हते. दाजींनी व्हीएफएक्स हा शब्द उच्चारलाही नाही, आणि या वहीतला सगळ्यांत कडक शेरा त्यांचा आहे. तो तिने शब्दश: उतरवून ठेवला आहे, खाली तारखेसह.

दुसऱ्या दिवशी दाजींनीच बागेत फिरून एक नवा पोंगा दाखवला, आडोशाचा, वारा न लागणारा. तिने बांबू रोवला. या वेळी पावसासाठी वर पत्र्याचा तुकडाही बांधला. वहीत चौथ्या खेपेच्या ५०४ नोंदी आहेत आणि एकही फ्रेम संगणकात बनवलेली नाही. त्यापुढच्या पानावर मात्र तिने पाचवा प्रयोग लिहिला आहे: मुद्दाम ३६ फ्रेम काढून टाकायच्या, त्या पुन्हा हाताने बनवायच्या, एक बाजू आधी आणि दुसरी नंतर, आणि बाबांना दाखवायच्या.

हे लिहीपर्यंत दाजी तो शॉट दोनदा पाहून गेले आहेत. अजून काही बोललेले नाहीत.

अर्धापूर